अम्मींना घेऊन दर्यावर

आम्ही लातूरची माणसे. पाण्याशी आमचे नाते घागरीचे, टँकरचे आणि नळाला पाणी कधी येणार या चौकशीचे. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे वाचकांना आठवत असेल. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. त्या काळात आमच्या घरी वुजूचे पाणी तांब्याने मोजून मिळायचे आणि तेच खाली परातीत धरून कुंडीतल्या पुदिन्याला जायचे. अशा गावच्या कुटुंबाने सुट्टीसाठी समुद्र निवडावा, तोही नुसता बघायला नव्हे तर त्यात उतरायला, याचे नातेवाइकांना फार नवल वाटले.

खरी अडचण मात्र नातेवाइकांची नव्हती, अम्मींची होती.

अम्मींचा सर्वांत धाकटा मुलगा, म्हणजे आमच्या मुलांचा चाचू, चौदाव्या वर्षी औसा तालुक्यातल्या आमच्या गावी विहिरीत बुडून गेला. आपल्याकडे मुले पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकतात. तो आठवडाभर डबा बांधून पोहत होता. त्या दिवशी दोस्तांसमोर डबा बांधायची त्याला लाज वाटली. एवढीच गोष्ट. तो डबा अम्मींनी अजून माळ्यावर ठेवला आहे. तेव्हापासून आमच्या घरात पोहणे हा शब्द बंद झाला. शाळेची सहल धरणावर निघाली की आमच्या मुलांना त्या दिवशी ताप यायचा. परिणाम असा की, घरातल्या सात माणसांपैकी एकालाही पोहता येत नव्हते.

यंदा मोठ्या लेकीने दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचे म्हणून हट्ट धरला. तिला पाण्याखालचे मासे बघायचे होते. ती सतरा वर्षांची, धाकटा अकराचा. आठवडाभर घरात चर्चा झाली. शेवटी अम्मी म्हणाल्या, "जाना है तो मेरेकू लेके जाव. पर पानी से मजाक नक्को करो." त्यांना मुलांवर पहारा ठेवायचा होता, हे आम्हाला कळत होते. आम्ही हो म्हणालो.

मिरजेवरून मालवण

लातूर ते मालवण हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसात गाडी दामटण्यात अर्थ नाही, विशेषतः बरोबर वडीलधारी माणसे असतील तर. आम्ही फज्रनंतर निघालो. तुळजापूर, सोलापूर, सांगोला करत दुपारी मिरज गाठले. तिथे ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याजवळ गाडी थांबवली, जेवलो, जुहर पढली. डबा सोडताना अम्मींनी विचारले, "ते रेल्वेचं पाणी इथूनच आलं होतं का?" आम्ही हो म्हणालो. त्यांनी हात उचलून मिरजकरांसाठी दुआ केली आणि मगच भाकरीचा तुकडा मोडला.

रात्री कोल्हापूरला नातेवाइकांकडे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो. घाट संपताच हवा बदलते, अंग चिकचिकते, जांभा दगडाची लाल माती दिसू लागते. कणकवली, कसाल आणि मग मालवण. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेची कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली ही स्थानके जवळची आहेत.

आम्ही उतरलो तारकर्लीच्या पुढे, देवबागच्या रस्त्यावरच्या एका घरगुती निवासात. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. पुढच्या दाराने समुद्र, मागच्या दाराने खाडी. आमच्या धाकट्याने दोन्ही दारे बघितली आणि म्हणाला, "दादी, इथे टँकर कुठून येतो?"

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. सफरीत आणि पंधरा दिवसांच्या आत मुक्काम असल्याने आम्ही कसर पढत होतो, चार रकातीच्या जागी दोन. समुद्राचे पाणी पाक आहे, त्याने वुजू होतो, त्यामुळे किनाऱ्यावर कधी अडचण आली नाही. मात्र मालवणला ओळख झालेल्या एका कोकणी मुस्लिम कुटुंबात असरची वेळ आमच्यापेक्षा तासाभराने आधी होत असल्याचे पाहून मुले चकित झाली. ती मंडळी शाफई, आम्ही हनफी. जेवणातही तेच. त्यांच्या दस्तरखानावर कुर्ल्या होत्या. आम्ही सुरमई आणि बांगड्यावर थांबलो. यजमानीण बाई हसून म्हणाल्या, "तुमचो वाटो आम्ही खाव." मुलांना एकाच दीनमध्ये रीतींची केवढी जागा आहे, हे त्या एका जेवणात समजले. बाहेर जेवताना मासळी सोयीची. कोंबडी-वडे खायचे असतील तर कोंबडी जबिहा आहे का, हे विचारून घ्यावे.

पहिला दिवस: रापण

पहिल्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. प्रवासाचा शीण असतो, समुद्राची ओळख नसते. सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो तर रापण ओढणे चालू होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि मग त्याचे दोन्ही दोर माणसांच्या दोन रांगा वाळूवरून ओढत आणतात. यात ना इंजिन, ना यंत्र. नुसते खांदे आणि पाय.

मुलांनी विचारले, आम्ही ओढू का? एका म्हाताऱ्या मच्छीमाराने रांगेत जागा करून दिली. पाच मिनिटांत दोघांचे तळवे लाल झाले. अम्मी वाळूवर बसून पाहत होत्या. जाळे जवळ आले तसे दोर जड झाला आणि कोणीतरी "आजी, या!" अशी हाक मारली. अम्मी उठल्या, पदर खोचला आणि शेवटच्या टोकाला जाऊन दोर धरला. शेतात मोटेचा सोंदूर धरलेले हात होते ते. जाळे वाळूवर आले तेव्हा त्यात तारली, बांगडे आणि एक-दोन झिंगे उड्या मारत होते. मच्छीमाराने आमच्या हातावर पाच-सहा बांगडे ठेवले. ओढणाऱ्याला वाटा, ही तिथली रीत.

त्याच म्हाताऱ्याला अम्मींनी विचारले, तुम्हाला या पाण्याची भीती वाटत नाही का? तो म्हणाला, "दर्याक भियाचा नाय, पण त्येची मस्करी पण करूची नाय." अम्मींनी वळून आमच्याकडे पाहिले. त्यांचेच वाक्य मालवणीत परत आले होते.

आमच्या मते कोकणात कोणी लहान मुले घेऊन गेले तर सुरुवात रापणीपासून करावी. पैसे लागत नाहीत, धोका नाही आणि समुद्रावर जगणाऱ्या माणसांची मेहनत मुलांना आधी दिसते. मात्र विचारल्याशिवाय दोराला हात लावू नये आणि मासळीचे फोटो काढत त्यांच्या पायात येऊ नये. तो त्यांचा धंदा आहे, तमाशा नाही.

दुसरा दिवस: समुद्रातल्या गोड विहिरी

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने जावे लागते. अम्मी येणार नाहीत अशीच आमची समजूत होती. पण आदल्या रात्री यजमानांनी सांगितले की त्या किल्ल्यात तीन विहिरी आहेत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना त्यांचे पाणी गोड आहे. लातूरच्या माणसाला यापेक्षा मोठे आमंत्रण कोणते?

धक्क्यावर सर्वांना लाइफ जॅकेट दिले. अम्मींनी ते हातात घेऊन उलटेसुलटे केले, दाबून पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "यो तो डब्बाच है." आम्ही काही बोललो नाही. त्यांनी आधी धाकट्याचे पट्टे ओढून पाहिले, मग लेकीचे, मग आम्हा दोघांचे आणि सर्वांत शेवटी स्वतःचे. होडी सुटल्यापासून किल्ल्याच्या दारापर्यंत त्यांची तस्बीह एकदाही थांबली नाही.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधला. 25 नोव्हेंबर 1664 रोजी काम सुरू झाले आणि तीन वर्षांत पुरे झाले. तट सुमारे तीन किलोमीटर, नागमोडी. दरवाजा असा वळणात घेतला आहे की समोर जाईपर्यंत तो दिसत नाही. मुलांना आम्ही सांगितले की महाराजांच्या आरमारात दौलतखान हा एक प्रमुख सरदार होता. समुद्रावरच्या कामात जात नव्हे, हुन्नर पाहिला जात होता. तटावरून चालणे हीसुद्धा एक चांगली मेहनत आहे. कठडा नसलेल्या जागा आहेत, मुलांचा हात धरावा, पायात घसरणारी चप्पल नसावी.

विहिरींपाशी अम्मी बराच वेळ उभ्या होत्या. पाण्याची चव घेतली. मग म्हणाल्या, "अल्लाहची कुदरत. दर्याच्या पोटात गोड पाणी, आणि आपल्याला ते रेल्वेनं आणावं लागलं." धाकटा म्हणाला, "दादी, इथल्या माणसांनी पावसाचं पाणी नीट धरलं असेल." त्याच्या बोलण्यात तथ्य होते. बेटावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो, गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्याच्या वर राहते. ते बेताने उपसले तर टिकते. आमच्या मांजरा खोऱ्याने हा बेत पाळला असता तर 2016 आले नसते, असे वाटून गेले.

विचारण्याचे प्रश्न

तिसऱ्या दिवसासाठी आम्ही स्कुबा डायव्हिंगची चौकशी केली. इथेच खरी परीक्षा असते. किनाऱ्यावर एकजण भेटला. दर फार कमी, सर्व खेळ एकाच पैशात, आत्ताच चला म्हणाला. त्याच्या होडीतल्या जॅकेटांचा रंग उडाला होता, दोघांना तर कड्याच नव्हत्या. "दहा मिनिटांचा प्रश्न आहे, काय होतंय?" असे तो म्हणाला. लेकीला घाई होती. आम्ही इसार म्हणून दिलेले पैसे सोडले आणि परत फिरलो. तिचा चेहरा उतरला. अम्मी तिला म्हणाल्या, "तुझा चाचूही दहा मिनिटांसाठीच गेला होता." त्या इतक्या वर्षांत चाचूबद्दल मुलांसमोर पहिल्यांदा बोलल्या.

या गोष्टी वाढवून सांगितलेल्या नाहीत. 24 मे 2022 रोजी याच तारकर्लीच्या समुद्रात स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर, आमच्या लातूरजवळच्या नव्हे तर रायगडातल्या मुरूडच्या, पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यांतल्या कित्येक घरांतली माणसे आपल्या ओळखीपाळखीची होती. ही मुले कोणताही खेळ करत नव्हती. नुसती पाण्यात उतरली होती.

म्हणून होडीत किंवा पाण्यात पाय ठेवण्याआधी हे प्रश्न विचारावेत. परवाना आहे का आणि तो दाखवता का? होडीत किती माणसे बसवायची परवानगी आहे आणि आत्ता किती बसली आहेत? मुलांच्या मापाचे जॅकेट आहे का? विमा आहे का? आज वारा आणि लाट कशी आहे? आणि शेवटी, पैसे एकूण किती आणि त्यात काय काय? ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याची होडी आपल्याला नको. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळी समुद्रामुळे हे खेळ बंद असतात. त्या काळात कोणी गुपचूप नेतो म्हणाला तरी जाऊ नये. पाणी स्वच्छ आणि शांत असते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

भरती-ओहोटीचा हिशेब आम्हाला एका होडीवाल्याने शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अम्मींना तिथी ठाऊक नव्हती, पण चाँदची तारीख तोंडपाठ होती. चाँद बहुधा बिजेला दिसतो, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवला की तिथीच्या जवळपास जाता येते. तेव्हापासून रोज सकाळी अम्मी घरात भरतीची वेळ जाहीर करू लागल्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे नव्या चाँदच्या आणि चौदा-पंधरा तारखेच्या सुमारास, उधाण मोठे असते. तेव्हा मुलांना काठावरच ठेवावे.

तिसरा आणि चौथा दिवस: पाण्याखाली आणि आभाळात

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणातही परवानाधारक मंडळी आहेत. नवख्या माणसाला प्रशिक्षक स्वतः धरून साधारण पंधरा-वीस फूट खोल नेतो. पोहता येणे आवश्यक नसते, हे ऐकून आम्हाला बरे वाटले. आम्ही लेकीसाठी महिला प्रशिक्षक मागितली. त्यासाठी एक दिवस थांबावे लागेल, असे सांगण्यात आले. आम्ही थांबलो. भगिनींनो, मागितल्याशिवाय ही सोय कोणी आपणहून सुचवत नाही. आधी फोन करून विचारले तर बहुतेक वेळा काही तरी मार्ग निघतो.

पोशाखाचेही आधी ठरवावे. बुरखा, साडी, सैल सलवार किंवा लांब दुपट्टा घालून पाण्यात जाणे धोक्याचे आहे. कपडा पाणी पितो, जड होतो, पायांत अडकतो. होडीच्या इंजिनाजवळ आणि पॅराशूटच्या दोरांत लोंबणारे कोणतेही टोक नको. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी बाजारात मिळते. लेकीने तसाच घेतला होता. फक्त टोपीची कड मास्कच्या रबराखाली येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथून पाणी शिरते. पुरुषांच्या मिशांनीही तसेच होते. आमच्याबरोबरच्या एका भरघोस मिशीवाल्या गृहस्थांच्या नाकात तीनदा पाणी गेले. आमच्यातल्या अब्बूंच्या मिशा बारीक कातरलेल्या असल्याने त्यांचे मास्क नीट बसले आणि त्याचे श्रेय त्यांनी दिवसभर सुन्नतला दिले.

उतरण्याआधी एक कागद भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट, कानाचे दुखणे, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया. आमच्यापैकी एकीला लहानपणी दमा होता. "आता काही नाही, लिहू नका," असे रांगेतल्या कोणीतरी सुचवले. तिने लिहिले आणि तिला वरच थांबावे लागले. वाईट वाटले, पण पाण्याखाली खोटे चालत नाही. साध्या सर्दीतसुद्धा उतरू नये, कान उघडत नाहीत.

काठावरच्या उथळ पाण्यात अर्धा तास सराव झाला. श्वास फक्त तोंडाने. श्वास कधी रोखून धरायचा नाही. खाली जाताना कान दडपले की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे. अंगठा आणि तर्जनी जोडली की सर्व ठीक. अंगठा वर केला तर मात्र "छान" असा अर्थ नाही, "मला वर न्या" असा आहे. लेकीने सवयीने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक बाईंनी तिला लगेच वर काढले, तेव्हा सगळे हसले.

मग होडी किल्ल्याच्या दिशेने निघाली. अम्मी होडीत बसल्या होत्या. कोणी बोलावले नव्हते, स्वतःच चढल्या. लेक कडेवरून पाठमोरी पाण्यात गेली. अम्मींनी घड्याळ हातात घेतले. वर येणारे बुडबुडे दिसत होते. होडीवाला म्हणाला, "आजी, बुडबुडे दिसतत तोवर सगळा बरा." त्या बुडबुड्यांवरून नजर न हलवता बसल्या. आम्हाला माहीत होते, त्या दिवशी विहिरीच्या काठावर त्या पोहोचल्या तेव्हा पाणी अगदी स्थिर होते.

पंधरा मिनिटांनी लेक वर आली. मास्क काढला आणि दादीच्या गळ्यात पडली. तिने काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे पाहिले होते, खडकांवरचे प्रवाळ पाहिले होते. "दादी, आत आवाजच नसतो. फक्त आपला श्वास." अम्मींनी तिचे ओले डोके कुरवाळले आणि म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह. डब्बा बांधकेच गई ना तू?"

इथे एवढे सांगायला हवे की या समुद्राचा सुमारे 29 चौरस किलोमीटर भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर पाय ठेवू नये, ते जिवंत असते. मासे जमावेत म्हणून पाव टाकू नये. आणि डायव्हिंग परतीच्या दिवशी ठेवू नये. पाण्याखालून आल्यावर लगेच विमानात बसणे किंवा उंच घाट चढणे शरीराला बरे नसते, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी.

चौथ्या दिवशी पॅरासेलिंग. पळत्या होडीच्या मागे दोर सोडतात आणि छत्रीसह माणूस वर जातो. अब्बू आणि धाकटा एकत्र गेले, मग आई आणि लेक. पट्टे बांधायला बाई नव्हती. म्हणून आधी बापलेकांचे पट्टे बांधताना आईने नीट पाहून घेतले, मग लेकीचे स्वतः बांधले आणि माणसाने दुरून प्रत्येक कडी तपासली. वारा वाढला म्हणून पुढच्या लोकांना त्यांनी परत पाठवले, तेव्हा काहीजण भांडले. आम्हाला त्या माणसाचा आदर वाटला. खेळ बंद करणारा माणूसच खरा जाणकार.

कर्लीच्या संगमाजवळ त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा उंचवटा आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो, ओहोटीला वर येतो. तिथे जेट स्की, बनाना बोट, बंपर असे खेळ चालतात. बनाना बोट मुद्दाम उलटवतात, हे आधी माहीत असू द्या. ज्यांना ते नको असेल त्यांनी स्पष्ट सांगावे. आम्हाला त्यापेक्षा खाडीतले वल्हवणे आवडले. संथ पाणी, दोन्ही काठांना माड, पलीकडे भोगवे. मुलांनी कयाक घेतली. अम्मींचे गुडघे त्यात वळेनात, म्हणून त्या साध्या होडीत बसल्या आणि थोडा वेळ वल्हेसुद्धा मारले. मगरिबच्या आधी आम्ही काठावर आलो. अंधारात पाण्यात कोणीही थांबायचे नाही, हा नियम अम्मींनी घातला होता आणि तो पाच दिवस मोडला नाही.

घरी आल्यावर

साहस म्हणजे जिवावर उदार होणे, अशी एक समजूत आपल्या पोरांत आहे. दुसऱ्या टोकाला, अल्लाहवर भरवसा आहे म्हणून पट्टा कशाला, असे म्हणणारेही आहेत. आपल्याला तर उंट आधी बांधून मग तवक्कुल करायला शिकवले आहे. जॅकेटचा पट्टा हा तोच दोर. आणि आम्ही आजवर जे केले, म्हणजे मुलांना पाण्यापासूनच दूर ठेवले, तेही उंट बांधणे नव्हते. शेततळी, विहिरी, कालवे आमच्या मराठवाड्यातही आहेत. ज्याला पोहता येत नाही त्याला गुडघाभर खड्डाही पुरतो. कोणी सापडलाच ओढत नेणाऱ्या प्रवाहात, तर किनाऱ्याकडे झुंजत न येता आडवे, किनाऱ्याला समांतर जावे आणि मग बाहेर पडावे, हे आम्हाला वयाच्या चाळिशीनंतर मालवणच्या वाळूत कळले. हे मुलांना दहाव्या वर्षी कळायला हवे.

परत आल्यावर दुसऱ्याच रविवारी दोन्ही मुलांची नावे पोहण्याच्या वर्गात घातली. लेकीसाठी महिलांची वेगळी वेळ आहे. पहिल्या दिवशी अम्मी बरोबर आल्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत माळ्यावरचा तो डबा. शिकवणाऱ्यांनी तो पाहिला, म्हणाले, "आजी, आता डबे वापरत नाहीत. फोमची पाटी असते." अम्मींनी ती पाटी मागून घेतली, दोन्ही हातांनी दाबून पाहिली, पाण्यात बुडवून सोडली. ती टुणकन वर आली. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि धाकट्याला म्हणाल्या, "जा. पण मला दिसेल असा पोह."

डबा त्या दिवशी परत माळ्यावर गेला नाही. अम्मींनी घासून पुसून त्यात ज्वारी भरली.